नसलेला टवका

ऑपेरा हाऊसच्या मागच्या गल्लीत गाडीला फिल्म लावायला येणारं गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारायचं. आधी रंग बघायचं, मग ‘कायद्यात बसते ना?’ म्हणायचं आणि शेवटी मागच्या काचेकडे बघत, जरा आवाज खाली आणून विचारायचं, “फिल्म लावल्यावर काच तडकणार नाही ना?”

रघुवीर परब या प्रश्नाची वाटच बघत असे.

“फिल्म म्हणजे काचेचं बनियन,” तो म्हणायचा. “बनियन घातलं म्हणून माणूस मेलेला बघितलात कधी? उन्हात काच तापते, फिल्म असली की जरा जास्त तापते, कबूल. पण मागची काच टफन असते. भट्टीतून शेकून आलेली. ती उन्हाला भीक घालत नाय. तडकली, तर कडेला आधीचा टवका असला म्हणून तडकते. त्यासाठी मी पहिलं काम करतो ते हे.”

मग तो काचेभोवतीच्या रबराच्या पट्टीखाली नख घालायचा आणि उजव्या हाताचं पहिलं बोट कडेकडेने फिरवायचा. सावकाश, डोळे मिटून. पूर्ण चौकट झाली की डोळे उघडून म्हणायचा, “काच चांगली आहे. एकतीस वर्षं झाली, या हातून एक काच फुटली नाय.”

आणि हे सगळं खरं होतं.

रघुवीरचे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. गिरणी गेली तेव्हा रघुवीर शाळेत होता. पुढे कोणी गावाकडे गेलं, कोणी वॉचमन झालं. रघुवीर या गल्लीत सीटकव्हर शिवायला आला आणि फिल्म लावायला शिकला. भोईवाड्यातल्या चाळीत त्याची खोली तीच राहिली, गल्लीही तीच राहिली. मालक म्हातारे होऊन गेले आणि त्यांचा मुलगा मयूर गल्ल्यावर बसला, एवढाच काय तो फरक. रघुवीरच्या आयुष्यात मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. होतं ते त्या बोटात होतं. शेजारच्या दुकानांतले लोकसुद्धा अवघड काच आली की हाक मारायचे, “काका, जरा बोट फिरवून जा.” तो हात पुसत जायचा आणि परत येताना त्याची चाल थोडी बदललेली असायची. त्याची बायको शेवंती म्हणायची, “बोटाला सोन्याची अंगठी करा आता एक.”

एप्रिलमध्ये, पाडवा होऊन दहा-बारा दिवस झाले असतील, प्रभादेवीहून रमाकांत कर्णिक आपली पांढरी गाडी घेऊन आले. गाडी बारा वर्षांची, कर्णिक चौऱ्याहत्तरचे. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, शर्ट इस्त्रीचा, खिशात दोन पेनं. गल्लीत गाडी मागे घेताना त्यांनी तीनदा आरसे बघितले आणि बरोबर दुकानाच्या फळीला लावून उभी केली.

“फिकट फिल्म हवी,” ते म्हणाले. “कायद्यात बसेल तेवढीच. फक्त मागच्या काचेला. आमच्या मंडळींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मागून ऊन येतं ते चष्म्याच्या आतल्या बाजूने डोळ्यात जातं.”

“पुढे नाय बसत वहिनी?”

“पुढे बसली की माझ्या पायाबरोबर तिचाही पाय ब्रेकवर जातो. आणि जोरात. म्हणून मीच मागे बसवतो.”

रघुवीर हसला. कर्णिकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, रघुवीरने नेहमीचं उत्तर दिलं. बनियन ऐकून ते एवढे खूश झाले की म्हणाले, “हे घरी सांगायला हवं.” मग स्वतःहूनच त्यांनी डिकीच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “इथे गेल्या आठवड्यात सोसायटीच्या खांबाला जरा घासली. मुलगा रागावला. काचेला काही झालं नसेल ना, बघा बाबा.”

रघुवीरने बघितलं. पत्र्यावर रंगाचा ओरखडा होता, वीतभर. त्याने पट्टीखाली नख घातलं आणि बोट फिरवलं. त्या कोपऱ्यात दोनदा फिरवलं.

“काच चांगली आहे,” तो म्हणाला.

काचेच्या बाहेरच्या बाजूला पिवळ्या रेडियमची अक्षरं होती: श्री एकवीरा प्रसन्न. गाडी घेतली त्या दिवशी कार्ल्याला जाऊन येऊन कर्णिकांनी लावलेली. फिल्म आधी बाहेरून काचेवर पसरावी लागते, गरम हवेच्या गनने तिला काचेच्या गोलाईवर बसवावी लागते आणि मग उचलून आतून चिकटवावी लागते. मध्ये अक्षरं असली तर ती बसत नाही.

“हे काढावं लागेल?” कर्णिकांनी विचारलं.

“काढून परत तिथेच लावतो. ब्लेड नाय लावणार.”

गल्लीतले बाकीचे ब्लेडने खरवडायचे. मिनिटाचं काम. रघुवीर देवाच्या नावाला ब्लेड लावत नसे. त्याची पद्धत ठरलेली होती. गन वीतभर लांब धरायची, एका जागी थांबवायची नाही, हळूहळू हलवत अक्षर कोमट करायचं, नखाने टोक सोडवायचं आणि अख्खं अक्षर उचलून फिल्मच्या पाठीच्या गुळगुळीत कागदावर ठेवायचं. काम झालं की पुन्हा जागच्या जागी. अर्धा तास जास्त जायचा. मयूर कुरकुर करायचा, पण गिऱ्हाइकांना ते आवडतं हे त्यालाही कळत होतं.

“मग मी खोताच्या वाडीत एका मित्राला भेटून येतो,” म्हणून कर्णिक गेले. जाताना अक्षरांना हात लावून तो छातीला लावला.

‘श्री’ सुटला. ‘एकवीरा’च्या पहिल्या अक्षरावर रघुवीर आला तेव्हा मयूर फोन घेऊन समोर उभा राहिला.

“काका, रील काढतोय दुकानाची. इकडे बघा. तो बनियनवाला डायलॉग मारा ना.”

“काम करतोय रे.”

“कामच पाहिजे! एक हात काचेवर, तोंड इकडे. लोक कसले फिदा होतील. केस नीट करा जरा.”

रघुवीरने खरोखर केसांवरून हात फिरवला. पुढे कित्येक दिवस त्याला त्या गोष्टीचीच सगळ्यात जास्त लाज वाटायची. बाकीचं घडलं, केसांवरून हात मात्र त्याने स्वतः फिरवला होता. गन डाव्या हातात होती. तो फोनकडे वळला आणि बोलायला लागला. बनियन झालं, भट्टी झाली, टवका झाला. “एकतीस वर्षं झाली,” तो म्हणाला, “या हातून…”

जळक्या प्लास्टिकचा वास आला.

डावा हात जिथल्या तिथे उभा होता. पिवळं अक्षर तपकिरी होऊन आक्रसत चाललं होतं. त्या क्षणी रघुवीरला काच आठवली नाही. काच, गन, एकतीस वर्षं, काहीच आठवलं नाही. देवीचं नाव जळतंय, एवढंच दिसलं. शेजारी बादली होती, तिच्यात मयूरच्या पाण्याच्या बाटल्या बर्फात घातलेल्या. फडकं त्याच बादलीत पडलेलं. त्याने ते उचललं आणि घरातलं दूध उतू गेल्यावर बाई जशी धावते तसं त्या अक्षरावर दाबलं.

आवाज फार मोठा नव्हता. पत्र्यावर मूठभर डाळ पडावी तसा. क्षणभर अख्खी काच पांढरी झाली आणि मग खडीसाखरेसारखे दाणे होऊन मागच्या सीटवर कोसळली.

गल्ली थबकली. समोरच्या दुकानातला हॉर्नवाला हॉर्न तपासत होता, तोही थांबला.

मयूरने पहिल्यांदा फोन बघितला. अंगठा दोनदा हलवला. “डिलीट मारला,” तो हळूच म्हणाला. मग तो गाडीभोवती फिरला आणि डाव्या कोपऱ्यातल्या ओरखड्यापाशी थांबला. रघुवीर अजून ओलं फडकं धरून उभा होता.

काम नोंदवताना कर्णिकांच्या मुलाचा, विनीतचा, नंबर दिलेला होता. मयूरने तो लावला. स्पीकरवर.

“सर, एक प्रॉब्लेम झालाय. तुमच्या गाडीच्या काचेला आधीच मार होता. डाव्या साइडने ठोकलीय ना गाडी? हां, तेच. कडेला टवका होता. आम्ही हात लावला नि गेली.”

“पण बाबा म्हणाले होते की नुसती घासलीय.” पलीकडचा आवाज वैतागला होता.

“सर, ओल्ड मॅन आहेत, त्यांना काय कळतंय. आमचे काका आहेत इथे, एकतीस वर्षांचे एक्स्पर्ट. त्यांनाच विचारा. काय काका, टवका होता ना?”

फोन रघुवीरच्या तोंडापाशी आला. समोर हॉर्नवाला उभा होता, सीटकव्हरवाला उभा होता, कालपर्यंत ‘बोट फिरवून जा’ म्हणणारे सगळे उभे होते.

“हं,” रघुवीर म्हणाला.

एवढंच. 

अर्ध्या तासाने कर्णिक आले. विनीतचा फोन त्यांना वाटेतच आला असणार, कारण ते गाडीकडे न बघता सरळ रघुवीरकडे आले. हातात मित्राने दिलेल्या कैऱ्यांची पिशवी होती.

“परब, तुम्हाला कुठे लागलं नाही ना?”

रघुवीरने मान हलवली.

“माझीच चूक. मला वाटलं, नुसता रंग गेलाय. केवढ्याने लागलं ते मला कळलंच नाही बघा.” त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “तुमच्या हातून एकतीस वर्षांत एक काच फुटली नव्हती. माझ्या गाडीने तुम्हाला डाग लावला. माफ करा हं.”

आणि पिशवीतून चार कैऱ्या काढून त्यांनी रघुवीरच्या हातात ठेवल्या. त्याने त्या घेतल्या. नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागलं असतं.

मागे प्लास्टिक लावून गाडी गेली. रघुवीरने जमीन झाडली. दाण्यांमध्ये देवीच्या नावाची अक्षरं पडली होती, काही अख्खी, काही तुटकी, आणि ते एक तपकिरी होऊन गोळा झालेलं. देवाचं नाव कचऱ्यात टाकत नाहीत, ते पाण्यात सोडतात. त्याने सगळी वेचून त्या गुळगुळीत कागदावर ठेवली, घडी घातली आणि हत्यारांच्या, रोज घरी न्यायच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी ठेवली. संध्याकाळी चौपाटीवर जाऊन सोडू, असं ठरवलं. संध्याकाळी गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाण्यात सोडताना हात जोडावे लागणार आणि हात जोडून काय म्हणायचं, ते त्याला सुचत नव्हतं.

कैऱ्यांचं शेवंतीने पन्हं केलं. “कोणी दिल्या? चांगल्या करकरीत आहेत.” त्याने पेला तोंडाला लावला आणि पोटात बरं नाही म्हणून खाली ठेवला.

त्यानंतर गिऱ्हाइकं येत राहिली आणि प्रश्नही येत राहिला. “काच तडकणार नाही ना?” रघुवीर बनियनचं नाव काढेनासा झाला. “नाय,” म्हणायचा आणि कामाला लागायचा. बोट फिरवायचा, पण डोळे उघडे ठेवून, घाईघाईत, चोरी करत असल्यासारखा. गल्लीत कोणी त्याला काही बोललं नाही. हॉर्नवाला तर म्हणाला, “काका, टवक्याची काच कोणाच्याही हातून जाते.” ते खरं नाही, हे हॉर्नवाल्याला ठाऊक होतं. रघुवीरने आदल्या एकतीस वर्षांत त्यालाच दहादा सांगितलं होतं की, टवका बोटाला सापडल्याशिवाय राहत नाही.

मे महिन्यात ती पांढरी गाडी पुन्हा आली. नवी काच बसवलेली, वर अक्षरं नाहीत. चालवत विनीत होता. चाळिशीचा, गळ्यात ऑफिसचं कार्ड.

“मागच्या वेळी राहिलेली फिल्म लावून टाका,” तो म्हणाला. “आईचा रोज एकच धोशा, ऊन लागतं.”

“साहेब नाय आले?” रघुवीरने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण निघून गेलं.

“बाबा? नाही हो. त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली मी.” विनीत फोनवर काहीतरी बघत सहज बोलत होता. “काच फुटण्याइतकं ठोकलं आणि माणसाला आठवत नाही म्हणजे काय? परवा सिग्नलला कोणाला ठोकलं तर? पहिल्यांदा भांडले खूप. म्हणाले, मला नीट आठवतंय, नुसतं घासलं होतं. मग मी सांगितलं, बाबा, तो एकतीस वर्षांचा अनुभवी माणूस खोटं बोलेल का? तेव्हा गप्प झाले.”

रघुवीरने हातातली पाणी ओढायची रबरी पट्टी बादलीत ठेवली.

“आता एकदम उलटं झालंय,” विनीत म्हणाला. “कशावरच विश्वास नाही. कुलूप लावलं का, तीनदा बघून येतात. गॅस बंद केला का, आईला विचारतात. स्वतः गोळी घेतली की वहीत लिहून ठेवतात. वय झालं, दुसरं काय.”

रघुवीर गाडीच्या मागे गेला. पट्टीखाली नख घातलं. बोट कडेवर ठेवलं, अर्ध्या वाटेवर नेलं आणि काढून घेतलं. पट्टी पुन्हा दाबून बसवली.

“आज नाय जमणार,” तो म्हणाला. “हात बरा नाय.”

“अहो, अपॉइंटमेंट घेऊन आलोय मी!”

मयूर गल्ल्यावरून ओरडला, “काका, काय नाटक आहे हे?” पण रघुवीर आत जाऊन पाणी पीत बसला. विनीत चिडून निघून गेला. मयूर दिवसभर त्याच्याशी बोलला नाही, आणि रघुवीरला ते बरंच वाटलं.

शनिवारी सकाळी शेवंतीला कात्री सापडेना. तिने त्याचा पत्र्याचा डबा उघडला. तळातला कागद निघाला आणि घडी उलगडली.

“ह्यां काय? देवीचां नाव हयसर कित्याक ठेवलात?”

रघुवीर दाढी करत होता. आरशातच त्याने तिच्याकडे बघितलं.

“आणि हे एक जळलेलं कसं?”

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो कॉटवर बसला आणि सगळं सांगितलं. केसांवरून हात फिरवला तेही सांगितलं. ‘हं’ म्हणालो तेही. शेवंती कागद हातात घेऊन ऐकत राहिली. तिला बोलायला आवडायचं, चाळीत तिच्या जिभेला सगळे वचकून असत. पण शेवटी ती एवढंच म्हणाली, “ते पन्हं मी प्यायले ना त्या दिवशी. दोन पेले.”

तिने तो कागद पुन्हा डब्यात ठेवला नाही. देव्हाऱ्यातही ठेवला नाही. टेबलावर त्याच्या पाकिटाशेजारी ठेवला.

दुपारी त्याने मयूरला सांगितलं, “मी उद्या प्रभादेवीला जाणार. कर्णिकांना खरं काय ते सांगणार.”

“येड लागलंय काका? दुकानाचं नाव जाईल.”

“दुकानाचं नाय, माझं सांगणार. गन माझ्या हातात होती.”

“आणि फोन मी केला ते?”

“ते तू बघ.”

मयूरने त्याच्याकडे बघितलं, मग समोरच्या कॅलेंडरकडे. “सोमवारी तुमची गरज लागली तर कळवतो,” तो म्हणाला.

रविवारी चार वाजता, दुकानातल्या नोंदीतला पत्ता घेऊन रघुवीर प्रभादेवीला उतरला. सोसायटी जुनी, तीन मजली, खाली गाड्यांसाठी खांबांमधली जागा. पांढरी गाडी तिथे उभी होती. डाव्या खांबावर दोन फुटांच्या उंचीवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ होती. रघुवीर तिच्यासमोर जरा वेळ उभा राहिला. एवढीशी रेघ. नखाने खरवडली असती तर निघाली असती.

दार कर्णिकांच्या पत्नीने, कालिंदीबाईंनी उघडलं. डोळ्यांवर काळा चष्मा होता. “कोण?” त्यांनी विचारलं. त्याने नाव सांगितलं, आणि आतून कर्णिकांचा आवाज आला, “परब का? या, या!” आवाज आनंदी होता. रघुवीरला वाटलं, इथूनच परत फिरावं.

विनीत बाहेरच्या खोलीतच लॅपटॉप घेऊन बसला होता. “फिल्मचं विचारायला आलात? कळवलं असतं तरी चाललं असतं.”

रघुवीर बसला नाही. त्याने खिशातून कागद काढला, घडी उलगडली आणि टीपॉयवर ठेवला. सगळी अक्षरं त्याने सकाळी ओळीने लावली होती. तपकिरी झालेलं मध्ये होतं.

“हे तुमचं,” तो कर्णिकांना म्हणाला. “पाण्यात सोडायचं होतं. माझ्या हातून नाय झालं.”

कर्णिकांनी चष्मा चढवला. “हे जळलंय.”

“मी जाळलं. गन एका जागी धरली. फोनसमोर बोलत होतो, माझी तारीफ मीच सांगत होतो. मग वरून बर्फाचं फडकं घातलं. त्याने काच गेली. टवका नव्हता.” तो एका दमात बोलत होता, कारण दम घेतला असता तर पुढचं राहिलं असतं. “तुम्ही दाखवलेल्या कोपऱ्यात मी दोनदा बोट फिरवलं होतं. तुमच्यासमोर. काचेला काय नव्हतं. तुम्ही म्हणालात तेच खरं, नुसता रंग गेला होता. फोनवर मला विचारलं तेव्हा मी ‘हं’ म्हणालो.”

 कालिंदीबाईंनी काळा चष्मा काढला. विनीतने लॅपटॉप मिटला.

“म्हणजे?” विनीत म्हणाला. “तुम्ही खोटं…”

“थांब,” कर्णिक म्हणाले. मुलाला ते असं थांबवत असतील असं रघुवीरला वाटलं नव्हतं. ते उठले, शेल्फवरची एक छोटी वही घेतली आणि रघुवीरसमोर उघडून धरली. तारखा होत्या. सकाळची गोळी घेतली. दार लावलं. पुन्हा बघितलं, लावलेलं होतं. गॅस बंद. कालिंदीला विचारलं, बंद आहे म्हणाली. अक्षर कारकुनाचं, सुबक, पानामागून पान.

“पाच आठवडे,” ते म्हणाले. “मला वाटलं, माझं डोकं चाललं.”

रघुवीरने पानं बघितली. माफ करा म्हणायचं त्याने वाटेत पाठ केलं होतं. पण तेच शब्द या माणसाने कैऱ्या देताना त्याला म्हटले होते, त्यामुळे ते त्याच्या तोंडातून निघेनात. त्याने वहीचं पुढचं पान उलटलं. 

“चहा ठेवू?” कालिंदीबाईंनी कोणालाच उद्देशून न बोलल्यासारखं विचारलं.

“नको,” कर्णिक म्हणाले. मग विनीतकडे न बघता हात पुढे केला. “किल्ली.”

विनीतने खिशातून किल्ली काढून दिली. “बाबा, मी काय म्हणतो…”

“तू वरच थांब. परब, तुम्ही खाली चला.”

खाली त्यांनी रघुवीरला मागच्या सीटवर बसवलं. “इथेच बसते ती,” एवढंच म्हणाले. गाडी फाटकातून निघाली, चौपाटीच्या बाजूने वळली आणि पुन्हा मोठ्या रस्त्याला लागली.  सुरुवातीला कर्णिक दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून होते, पहिल्या सिग्नलनंतर पकड सैलावली. उतरतं ऊन मागच्या नव्या काचेतून सरळ रघुवीरच्या मानेवर येत होतं. फिल्म नव्हती. मान भाजत होती, आणि समोरच्या आरशात कर्णिकांचे डोळे अधूनमधून त्याच्याकडे बघत होते. त्याने जागा बदलली नाही. कितीतरी गाड्यांच्या मागच्या काचा त्याने केल्या होत्या, पण गिऱ्हाइकाच्या मागच्या सीटवर तो कधी बसला नव्हता.

वीस मिनिटांनी गाडी परत आली. कर्णिकांनी तिन्ही आरसे बघितले आणि दोन खांबांच्या मधून गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. वरच्या गॅलरीत विनीत आणि कालिंदीबाई येऊन उभे होते. गाडी इंचाइंचाने मागे आली आणि थांबली.

“उतरा,” कर्णिक म्हणाले. “डावा खांब बघा. लागली का?”

रघुवीर उतरला. पांढऱ्या रेघेच्या खांबापाशी वाकला आणि गाडी नि खांब यांच्यामध्ये हात घातला. एक बोट गेलं, दुसरं गेलं. चारही बोटं आडवी गेली आणि आणखी थोडी जागा उरली.

“चार बोटं आहेत,” तो म्हणाला. “वर थोडी.”

“नीट बघितलंत?”

रघुवीरने पुन्हा हात घातला. या वेळी डोळे मिटले. “चार बोटं, साहेब.”

कर्णिकांनी इंजिन बंद केलं, काच वर घेतली, दाराला कुलूप लावलं. दार एकदाच ओढून बघितलं.

“मग वर चला,” ते म्हणाले, “आणि हेही विनीतला तुमच्याच तोंडाने सांगा.”

ते पुढे चढू लागले. रघुवीर त्यांच्या मागे, दोन पायऱ्या ठेवून. खांबाचा चुना बोटांना लागला होता. तो त्याने पुसला नाही.